तोंड लपवायचा हंगाम

"आल्या बघ," ब्रीडानं सकाळी फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवला. ब्रीडा म्हणजे माझी आयरिश सासू. फोनवर लांबण लावणं तिला जमत नाही. काय आल्या, हे विचारायची गरजही नव्हती. ऑगस्ट सरत आला की कॉर्क शहराजवळ, रिंगास्किडीत तिच्या घरामागच्या अरुंद रस्त्याच्या दोन्ही कडांना, दगडी बांधावरून लोंबणाऱ्या काटेरी फांद्यांना ब्लॅकबेरी धरतात. आधी हिरव्या, मग लाल, आणि एखाद्या भिजक्या आठवड्यात बघता बघता काळ्या. आपल्या करवंदांची ही लांबची चुलत बहीण म्हणावी. तशीच काटेरी जाळी, तशीच जांभळी बोटं. फक्त इथं पानांच्या द्रोणात घालून 'डोंगरची काळी मैना' विकायला कोणी बसत नाही. ज्याचा हात पोचेल त्याची.

संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मी तिकडे गेले. रस्त्याच्या टोकाला बंदर दिसतं, अलीकडे औषधांच्या कारखान्यांच्या चकचकीत टाक्या, आणि त्यांच्या डोक्यावर संथ फिरणाऱ्या पवनचक्क्या. फ्रान्सला जाणारी बोट धक्क्याला लागली होती. ओहोटीचा, शेवाळाचा वास सुटला होता. एक बेरी तोडून तोंडात टाकली. दाढेखाली बी कचकन वाजलं आणि इथला माझा पहिला हंगाम वर आला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. राग कालांतरानं निवतो, दुःखाचीही सवय होते. लाज मात्र लोणच्यासारखी मुरते. बरणी उघडली की पहिल्यापेक्षा जास्त झणका.

त्या ऑगस्टमध्ये कॉर्मक आणि मी नाशिक सोडून इथं कायमचे राहायला आलो. कॉर्मक माझा नवरा, ब्रीडाचा मुलगा. सातपूरच्या एका औषध-कारखान्यात वर्षभराच्या कामासाठी म्हणून आला होता. डिंकाचा लाडू चावताना दाढ तुटली म्हणून माझ्या दवाखान्यात आला, आणि मग परत गेलाच नाही. मी दातांची डॉक्टर. कवळ्या बसवणं हा माझा खास विषय. कॉलेज रोडला दवाखाना होता, बाहेर पाटी होती, पाटीवर माझं नाव होतं. लग्नानंतरही आम्ही बरीच वर्षं तिथंच काढली. मग त्याचे वडील गेले, ब्रीडा एकटी पडली, रिंगास्किडीच्या एका कारखान्यात त्याला नोकरी मिळाली, आणि घरी परतणाऱ्या माणसाची परदेशी बायको म्हणून मला व्हिसा काढावा लागला.

लग्न खरं आहे, हे सिद्ध करायचं होतं. "ज्यात आपण एकमेकांना हात लावलाय असे फोटो शोध," कॉर्मक म्हणाला. आम्ही शोधायला बसलो तर तसे फोटो फारसे नव्हतेच. आमच्या घरात नवरा-बायको फोटोत शेजारी उभे राहतात, फार तर मध्ये एखादी आत्या असते. शेवटी लग्नातला एक सापडला. मुंडावळ्या कॉर्मकच्या डोळ्यांवर घसरल्यात आणि मी त्या सरळ करतेय. तो पाठवला. कुणा अनोळखी माणसाच्या टेबलावर माझा तो हात पडून असेल, तो माणूस चहा पिता पिता त्या हाताचा खरेखोटेपणा बघत असेल, या कल्पनेनं मला आजही कसंतरी होतं.

ब्रीडा आम्हाला विमानतळावर घ्यायला आली होती. तोवर ती मला फोनच्या पडद्यावरच दिसली होती. तिनं मला जवळ घेतलं, हसली, आणि हसताना डावा हात तोंडावर नेला. मी त्या क्षणी ओळखलं. वरची पूर्ण कवळी. फार जुनी, झिजलेली, हिरडी आक्रसल्यामुळे सैल झालेली. हा धंद्याचा दोष आहे. आम्हाला आधी तोंड दिसतं, मग चेहरा. गाडीत मागे बसल्यावर मी कॉर्मकला हळूच मराठीत विचारलं, "तुझ्या आईनं दात कधी काढले?"

"कुठले दात?" तो म्हणाला. "तिचे दात एकदम मस्त आहेत. ती कधी डेंटिस्टकडे गेलीच नाही."

मी सीटबेल्ट लावू लागले.

"गोरी," ब्रीडा पुढून म्हणाली, "वेक्सफर्डकडे त्या नावाचं एक गाव आहे." माझं नाव गौरी. कॉर्मकनं तिला 'गौ, गौ, इंग्रजी काऊसारखं' असं शिकवून पाहिलं. त्यानं काही सुधारलं नाही, आणि गौ म्हणजे खरंच गाय हे मी सांगितलं नाही. तेव्हापासून सगळा गाव मला 'गोरी' म्हणतो. एवढ्या गोऱ्यापान माणसांत सावळी मी एकटी, आणि हाक 'गोरी'! हे ऐकून नाशिकला माझे बाबा खोकला येईपर्यंत हसले होते. मी पण हसले. फोन ठेवल्यावर आरशात मात्र बघितलं.

आणि मला तिला हाक मारता येईना. इथं सासूला नावानं हाक मारतात. "मला ब्रीडाच म्हण, लव्ह," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण माझी जीभच वळेना. 'आई' म्हणावं तर तेही उसनं वाटे. म्हणून कित्येक दिवस मी तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे आणि तिनं वर बघेपर्यंत वाट बघायचे. मागून कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, कामाला ठेवलेली बाई पगार मागायला आलीय.

आम्ही राहत होतो कॉर्मकच्या शाळकरी वयातल्या खोलीत. भाड्याची घरं मिळत नव्हती. एक घर बघायला गेलं की दाराबाहेर वळसा घातलेली रांग. त्यामुळे चाळिशीला टेकलेला माणूस लाल जर्सीतल्या, हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या संघाच्या फोटोखाली झोपत होता, दोन सिंगल पलंग जोडून, मधल्या फटीत गोधडी कोंबून. नाशिकला हाच माणूस जावई होता. बाबा त्याला 'कॉर्मकराव' म्हणत. आमच्या घरी त्याचं ताट आधी वाढलं जाई आणि माझ्या काकू तो पुरणपोळी कशी खातो हे दारातून बघत. इथं त्याचे जुने मित्र दुकानात भेटले की विचारत, "मग सध्या कुठं?" "तात्पुरते आईकडे," तो म्हणे. 'तात्पुरते' हा शब्द तो इतक्या घाईनं म्हणायचा की मी शेजारी उभी राहून दुधाच्या बाटल्यांवरच्या तारखा वाचत बसे.

दाराशी खुंट्यांवर ब्रीडाचे कोट टांगलेले असत. एक चर्चचा, एक पावसाचा. मी आल्यावर दोनेक आठवड्यांत ते दिसेनासे झाले. वर कपडे टाकायला गेले तेव्हा तिच्या खोलीच्या दारामागे सापडले, प्लॅस्टिकच्या पिशवीत. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास थेट त्या खुंट्यांवर जात होता. ती एका शब्दानं बोलली नव्हती. बोलली असती तर मी भांडले असते, निदान मनातल्या मनात. तिनं मुकाट्यानं कोट हलवले, म्हणून मी मोहरी घालणंच सोडलं. बिनफोडणीचं वरण कॉर्मकनं दोन दिवस खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बरं नाही का तुला?"

माझ्यापाशी काम नव्हतं. व्हिसावर इथं उतरता येतं. मग नोंदणी व्हावी लागते, त्याचं कार्ड हातात यावं लागतं. भेटीची तारीख पार नोव्हेंबरातली मिळाली होती. तोवर नोकरी नाही. आणि देश सोडून गेलं तर परत यायला पुन्हा सगळं पहिल्यापासून. दातांच्या कामाचा परवाना तर आणखी वेगळी गोष्ट, त्याच्या परीक्षा वेगळ्या. आज मी कॅरिगलाइनच्या एका दवाखान्यात डेंटल नर्स आहे. दुसरा कोणी दात भरतो, मी नळी धरून थुंकी ओढते. परीक्षेचा दुसरा भाग अजून निघालेला नाही. "तू आधीपासून नर्सच का?" पेशंट प्रेमानं विचारतात. मी "हो" म्हणते. तेच सोपं पडतं.

सप्टेंबरात एका शनिवारी ब्रीडानं माझ्या हातात प्लॅस्टिकचा डबा दिला. "चल. महिनाअखेरीला पूका त्यांच्यावर थुंकतो. मग खायच्या नाहीत." पूका म्हणजे इथलं एक खोडकर भूत. आम्ही दोघी मागच्या रस्त्याला लागलो. ऊन होतं, मधमाश्या होत्या, आणि घर सोडून बाहेर आल्यावर दोघींच्याही खांद्यांवरचं काहीतरी उतरलं होतं. ती भरभर तोडत होती. एकही तोंडात टाकत नव्हती.

"तुम्ही खात नाही?"

"मला नाही लागत."

आता मला कळायला हवं होतं की नाही? बारीक कठीण बिया आणि सैल कवळी. पेशंटना डाळिंब, तीळ, पेरू बंद करा असं सांगण्यात माझी हयात गेली. पण त्या उन्हात मी डॉक्टर नव्हते, नवी सून होते, आणि सून म्हणून मला एकच गोष्ट नीट येत होती. आग्रह. मी एक टपोरी बेरी निवडली आणि तिच्या तोंडाशी नेली. "एकच. माझ्यासाठी." ती मागे सरकली, हसली, हात वर गेला. मी सोडलं नाही. "एकानं काय होतंय!" शेवटी तिनं ती घेतली, जिभेनं टाळूवर दाबली आणि न चावता गिळली.

त्या संध्याकाळी तिनं जेलीसाठी फळं उकळली, मऊ कापडात बांधली आणि उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या पायांना ते गाठोडं टांगलं. खाली पातेल्यात थेंब थेंब रस. मला एकदम चक्का टांगलेला आठवला. मदत करावी म्हणून मी गाठोडं दोन्ही हातांनी पिळलं.

"पिळू नको!" ती जवळजवळ ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "गढूळ होते गं मग. ग्रँड आहे, ग्रँड. काही बिघडलं नाही." काचेसारखी व्हायची ती जेली त्या वर्षी गढूळच झाली. तिनं बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि त्या फळीवर मागच्या रांगेत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी कॉर्मकच्या बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. आपल्या बारशासारखंच, आधी चर्च, मग हॉटेलात जेवण, दोन्हीकडचं झाडून सगळं गोत हजर. ते मला पहिल्यांदाच बघणार होतं. नणंदेनं साडी नेसायला सांगितलं होतं. मी पलंगावर साडी काढून ठेवली आणि राखाडी पँट चढवली, जेवढं दिसेनासं होता येईल तेवढं व्हावं म्हणून.

निघायची वेळ झाली तरी ब्रीडा खाली येईना. कॉर्मक वर जाऊन आला. "सर्दी झालीय म्हणते. दार उघडत नाही. येणार नाही म्हणते."

"काल तर ठणठणीत होत्या."

"हो ना," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत राहिला. आम्हा दोघांच्या मनात एकच गोष्ट होती. नातवाच्या बाप्तिस्म्याला आजी का येत नाही? कोणाबरोबर जायचं नाही तिला? लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांपासून काही लपवलं नव्हतं, पण त्या वेळी ते तोंडातून काढायची हिंमत दोघांतही नव्हती.

मी वर गेले. दारावर टकटक केली आणि पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं.

"ब्रीडा. तुम्ही जा. मी घरी थांबते. मला खरंच वाईट नाही वाटणार. मलाच बरं नाही असं सांगा सगळ्यांना."

आत पलंग करकरला. मग ती म्हणाली, "तू कशासाठी थांबणार?"

तिच्या त्या एका वाक्यातले 'श' आणि 'स' वाऱ्यासारखे निसटले. आणि मला कळलं. ते गुपित साऱ्या घरात फक्त मलाच ठाऊक होतं, विमानतळापासून ठाऊक होतं, तरी ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लाजलेल्या माणसाला जगातली प्रत्येक बंद कडी आपल्यासाठीच लागलीय असं वाटतं.

"दार उघडा," मी म्हटलं. "मी डॉक्टर आहे त्याची. मला माहितीय."

तिनं दार बोटभर उघडलं. एक हात तोंडावर. दुसऱ्या हातात रुमाल, आणि रुमालात कवळीचे दोन तुकडे.

"बेसिनमध्ये पडली," ती हातामागून म्हणाली. "काहीतरी टोचत होतं रात्रभर, म्हणून धुवायला काढली."

काय टोचत होतं ते मी विचारलं नाही. मी तिला खिडकीशी बसवलं, हात धुतले, आणि म्हटलं, "दाखवा." तिनं डोळे मिटून घेतले आणि मग हात खाली घेतला. साठी उलटलेला तो करारी चेहरा खालून एकदम कोसळला. हिरडीवर एक लालभडक फोड होता आणि त्याच्यात रुतलेलं एक बी. माझा आग्रह. मी ते नखानं काढून टिपकागदावर ठेवलं. दोघीही त्याच्याकडे बघत राहिलो.

"लग्नाआधी काढले," ती डोळे मिटूनच बोलू लागली. "वरचे सगळे. तेव्हा रीतच होती. पुढे नवऱ्याच्या गळ्यात दातांची कटकट नको, म्हणून मुलीला असं तयार करून द्यायचे. बरेचसे चांगले होते गं. अगदी चांगले होते." मग म्हणाली, "नवऱ्यानं, मायकलनं, मला कधी असं पाहिलं नाही. मुलांनी पण नाही. मी ती घालूनच झोपते. तू कॉर्मकला सांगू नको."

"नाही सांगणार."

(इथं ते लिहिण्याची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. "मराठीत ना?" ती म्हणाली. "मग लिही खुशाल. कॉर्कात कोण वाचणार आहे?")

त्यानंतर मी जे केलं ते कधीही करू नका, असं नाशिकला मी प्रत्येक पेशंटला बजावून सांगत असे. खाली गेले. स्वयंपाकघरातल्या कपाटातून, ज्याला ही माणसं 'प्रेस' म्हणतात आणि मी पहिल्या आठवड्यात ज्यात इस्त्री शोधत होते, त्यातून सुपरग्लू काढला. "ते कशाला?" कॉर्मकनं विचारलं. "सँडलचा पट्टा," मी म्हटलं. वर येऊन ब्रीडाच्या आरशापुढे बसले. तुकडे जुळवले, धरून ठेवले, सांधा नखं घासायच्या कानशीनं घासून गुळगुळीत केला, पुन्हा पुन्हा धुतला. इथं मला कोणाच्या तोंडात बोट घालायचा अधिकार नव्हता. परवाना नव्हता, कार्ड नव्हतं. हे कळलं तर नोव्हेंबरात काय होईल? भिंतीवरचा येशू बघत होता आणि मी चोरट्यासारखी दाराकडे कान लावून, मला जगात सगळ्यात चांगलं येणारं काम, सगळ्यात वाईट पद्धतीनं करत होते.

कवळी बसली. ती उठली, लिपस्टिक लावली, पिशवीतून चर्चचा कोट काढला. "आजचा दिवस निघेल," मी म्हटलं. "मऊच खा. उद्या नीट करून आणा." तिनं मान हलवली.

जेवणाच्या टेबलावर ती माझ्या शेजारी बसली होती. तिच्या एका चुलत बहिणीनं मला मोठ्या कौतुकानं न्याहाळलं आणि विचारलं, "आणि तू स्वतः काय करतेस, गोरी?"

"सध्या काही नाही," मी म्हटलं.

ब्रीडानं ऐकलं. तिचा जबडा किंचित हलला. मी वाट बघितली. काय म्हणणार होती बिचारी? काही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न तिच्याच तोंडावर येऊन थांबला असता. तिनं बटाट्याचा मऊ भाग काट्यानं वेगळा केला आणि खाली बघत खाल्ला.

मला वाटलं होतं, आता आमच्यातलं अवघडलेपण संपेल. उलटंच झालं. सोमवारी ती एकटीच बसनं कॉर्क शहरात गेली, कवळी दुरुस्त करून आली, आणि त्यानंतर माझ्याकडे बघेनाशी झाली. मी स्वयंपाकघरात आले की तिला बागेत काम निघे. माझ्यासाठीचे निरोप कॉर्मकतर्फे येऊ लागले. हसायची थांबली, हात वर न्यायचीही गरज उरली नाही. "तुमचं भांडण झालं का?" कॉर्मकनं विचारलं. मी "नाही" म्हटलं, आणि ते खरंच होतं.

त्या दिवसांत मी एकटीच बंदराच्या कडेनं चालत असे, आणि का कोण जाणे, नाशिकचं ते सरकारी ऑफिस आठवत असे. दर वर्षी परदेशी नागरिक म्हणून कॉर्मकची नोंदणी करायला आम्ही तिथं जायचो. मी, तो आणि बाबा. बाबा एसटीत डेपो मॅनेजर होते, त्यांची सगळीकडे ओळख निघायची. चहा यायचा, गप्पा व्हायच्या. "जावयांना मिरची चालते का?" "मराठी समजतं का त्यांना?" बाबा सांगायचे, मी सांगायचे, सगळे हसायचे. आणि कॉर्मक भिंतीकडेच्या खुर्चीत बसलेला असायचा, गुडघ्यांवर हात ठेवून, एवढा मोठा पुरुष शाळेत उभं केलेल्या पोरासारखा. त्याला सगळं समजत होतं. घरी येताना तो स्कूटरवर मागे बसून एक शब्द बोलत नसे. मला वाटायचं, उन्हानं दमला. त्याला तेव्हा तसं बघणारी मीच होते, आणि तरी तो माझ्याशी बोलत राहिला, माझ्याकडे बघत राहिला. हे किती अवघड असतं ते मला ब्रीडामुळे कळलं. आपली लाज ज्यानं पाहिली, त्याच्या समोर रोज चहा प्यायचा! मी त्याला एकदा हे विचारलं. तो म्हणाला, "अगं, तू माझी तुटलेली दाढ बघितली होतीस. त्यानंतर काय उरलं?"

सप्टेंबर संपता संपता माझ्या धाकट्या भावाचा, निनादचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखलं होतं. तपासण्या झाल्या, बायपास ठरली. "तू ये असं मी म्हणत नाहीये, ताई," तो म्हणाला. "तुझी अडचण माहितीय मला. पण लोक विचारतात गं." काय सांगायचं लोकांना? एक कार्ड नाही म्हणून मुलगी येत नाही? बाबा स्वतः फोनवर आले. "अजिबात यायचं नाही. आलीस तर मी ऑपरेशनला झोपणार नाही." कॉर्मक म्हणाला, "जा तू. व्हिसाचं नंतर बघू." मी गेले नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी फरशी पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. सगळं नीट पार पडलं. ते ऐकूनही मला रडू आलं नाही. जिचं काही योगदान नाही, तिनं कोणत्या तोंडानं रडायचं?

बाबांना अतिदक्षता विभागातून खोलीत आणल्यावर निनाद म्हणाला, आज दाखवतो तुला. दुपारची वेळ होती, तिकडे दिवेलागणी. मी स्वयंपाकघरात फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसले. पडद्यावर एक म्हातारा दिसला. गाल आत गेलेले, ओठ गिळलेले. माझे बाबा दात लावल्याशिवाय दूधवाल्यालाही दार उघडत नसत. ते दात मीच केले होते. "जरा पांढरे कर, तरुण दिसायला हवं," म्हणून तीनदा परत पाठवलेले. ऑपरेशनआधी काढून घेतलेले ते कुठल्या डबीत होते कोणास ठाऊक. "गौले," त्या मोकळ्या तोंडातून बाबा म्हणाले, आणि मी फुटले. ओकारी येईल इतकी रडले. नाक गळत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं, आणि मागच्या दारात ब्रीडा उभी होती, हे मला खूप उशिरा कळलं.

मी घाईघाईनं पदरासारखी ओढणी तोंडावर घेतली.

ती सिंककडे गेली. माझ्याकडे पाठ करून नळ सोडला, बंद केला. मग येऊन माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली, अगदी फोनसमोर. मी वळून बघितलं. तिच्या तोंडात कवळी नव्हती. हात मांडीवर होते.

तिकडे बाबांनी डोळे बारीक केले. इकडे ब्रीडा पुढे वाकली. दोन बोळकी एकमेकांसमोर. मग बाबा हसले, हिरड्या दाखवून, पोटातून, टाक्यांना हात लावत. ब्रीडा पण हसली. तिचं तोंड हात न लावता हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच वेळी पुढचं दार वाजलं. कॉर्मक पाळी संपवून आला होता. गळ्यात कारखान्याच्या ओळखपत्राचा पट्टा, एका पायातला बूट काढलेला, तो स्वयंपाकघराच्या दारात तसाच थबकला. आईकडे बघत राहिला. ब्रीडाला तो आलेला कळला होता. तिची मान ताठ झाली. पण हात मांडीवरच राहिले.

"कॉर्मकराव," बाबा पडद्यातून म्हणाले, "तुमच्या मातोश्री अगदी माझ्या आईसारख्या दिसतात हो."

"काय म्हणतो तो?" ब्रीडानं मला विचारलं.

मी कॉर्मककडे बघितलं, मग तिच्याकडे. मग होतं तसंच भाषांतर केलं.

तिनं त्यावर जरा विचार केला. "दिसायला बरी होती का ती?"

मी बाबांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले, आणि दम गोळा करून, दातांवाचून जेवढं स्पष्ट म्हणता येईल तेवढं म्हणाले, "फार सुंदर होती."

हे मात्र कॉर्मकनंच तिला सांगितलं. दारातून, एक बूट हातात धरून.